रायन व्हाइट

रायन वेन व्हाइट (जन्म : ६ डिसेंबर १९७१, कोकोमो, इंडियाना; मृत्यू : ८ एप्रिल १९९०, इंडियानापोलिस, इंडियाना) हा अमेरिकेतील एक शाळकरी विद्यार्थी व एड्सविषयक जनजागृतीचा कार्यकर्ता होता. हिमोफिलिया या जन्मजात रक्तविकारावरील औषधातून त्याला एचआयव्ही या विषाणूची लागण झाली. डिसेंबर १९८४ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. आजारातून काहीसा सावरल्यावर त्याला शाळेत परतावयाचे होते. परंतु शाळेने त्याला वर्गात घेण्यास नकार दिला. या नकाराविरुद्ध त्याने आणि त्याची आई जीन यांनी दिलेला लढा अमेरिकाभर गाजला. त्याच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठी अमेरिकेने केलेल्या कायद्याला त्याचे नाव देण्यात आले.

निदानानंतर रायन पाच वर्षांहून थोडा अधिक काळ जगला. या काळात तो इंडियाना राज्यातील दोन गावांत राहिला. एका गावात त्याला वाळीत टाकण्यात आले, तर दुसऱ्या गावाने त्याला आपलेसे केले. मुलगा तोच, आजार तोच आणि त्या आजाराविषयीचे वैद्यकीय ज्ञानही जवळजवळ तेच होते. फरक पडला तो ते ज्ञान लोकांपर्यंत कोणी आणि केव्हा पोहोचवले यामुळे. रायनच्या चरित्राचे महत्त्व मुख्यतः या अनुभवात आहे.

जन्म आणि बालपण

रायनचा जन्म इंडियाना राज्यातील हॉवर्ड परगण्यात, कोकोमो या औद्योगिक शहरात झाला. त्याच्या वडिलांचे नाव ह्यूबर्ट वेन व्हाइट आणि आईचे नाव जीन. जन्मानंतर करण्यात आलेल्या सुंतेच्या वेळी त्याचा रक्तस्राव थांबेना. तपासणीअंती, अवघ्या तीन दिवसांच्या या बालकाला तीव्र स्वरूपाचा 'हिमोफिलिया अ' असल्याचे निष्पन्न झाले.

हिमोफिलिया हा आनुवंशिक विकार असून तो प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. रक्त गोठण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रथिनांपैकी 'घटक आठ' हे प्रथिन या रुग्णांच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे किरकोळ जखमेतूनही दीर्घकाळ रक्त वाहत राहते. मुका मार लागला तरी सांध्यांत व स्नायूंत रक्त साकळून तीव्र वेदना होतात. रायनला जवळजवळ दर आठवड्याला घटक आठ शिरेवाटे द्यावा लागत असे. या उपचाराच्या बळावर तो इतर मुलांप्रमाणे शाळेत जाऊ शकला. पुढे आईवडिलांचा घटस्फोट झाला. जीन व्हाइट कोकोमोतील मोटारींचे विद्युत्‌भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करीत. रायनला अँड्रिया नावाची धाकटी बहीण होती.

विषाणूची लागण

रायनला दिला जाणारा घटक आठ मानवी रक्तद्रवापासून तयार केला जाई. हजारो दात्यांकडून गोळा केलेला रक्तद्रव एकत्र करून त्यातून हे प्रथिन वेगळे काढले जात असे. या पद्धतीमुळे औषध सहज उपलब्ध झाले आणि ते रुग्णांना घरच्या घरीही घेता येऊ लागले. मात्र, तिच्यात एक मोठा धोका होता. हजारो दात्यांपैकी एकाच्याही रक्तात विषाणू असल्यास औषधाचा संपूर्ण साठा दूषित होऊ शकत असे, आणि नियमित उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तर वर्षभरात अशा अनेक साठ्यांतील औषध जात असे.

हिमोफिलियाच्या रुग्णांमध्ये एड्सची लक्षणे आढळल्याची पहिली नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने जुलै १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. रोगास कारणीभूत असलेला विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शोधला गेला. रक्तातील विषाणूबाधा ओळखणाऱ्या चाचणीस अमेरिकेत मान्यता मिळाली ती मार्च १९८५ मध्ये. औषध तापवून त्यातील विषाणू नष्ट करण्याची पद्धतीही याच सुमारास सर्वत्र रूढ झाली. तोपर्यंत अमेरिकेतील हिमोफिलियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना एचआयव्हीची लागण होऊन गेली होती. रायन त्यांपैकीच एक होता.

एड्सचे निदान

इ.स. १९८४ च्या अखेरीस रायनला न्यूमोनिया झाला. १७ डिसेंबर १९८४ रोजी त्याच्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि त्या वेळी केलेल्या तपासणीत एड्सचे निदान झाले. रोगप्रतिकारासाठी आवश्यक असलेल्या टी पेशींची संख्या निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ५०० ते १,२०० असते. रायनच्या रक्तात ती केवळ २५ इतकी उरली होती. तो जेमतेम सहा महिने जगेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. एचआयव्हीवर कोणतेही मान्यताप्राप्त औषध त्या वेळी उपलब्ध नव्हते.

हा अंदाज खोटा ठरला. १९८५ च्या सुरुवातीला रायनची प्रकृती हळूहळू सुधारू लागली. त्याचे वजन वाढले, खोकला कमी झाला आणि आपल्या मित्रांप्रमाणे आपणही शाळेत जावे, अशी इच्छा तो व्यक्त करू लागला. शाळेत परतण्यास हरकत नाही, असे वैद्यकीय मतही मिळाले.

तत्कालीन समजुती

रायनच्या वाट्याला आलेला विरोध समजून घेण्यासाठी त्या काळातील वातावरण लक्षात घेणे आवश्यक आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत या रोगाचे पहिले रुग्ण आढळले ते प्रामुख्याने समलिंगी पुरुष होते. त्यामुळे आरंभी या रोगाचे नावच समलिंगी व्यक्तींशी जोडले गेले. १९८२ मध्ये 'एड्स' हे नाव रूढ झाले, तरी रोगाभोवतीचा नैतिक कलंक गेला नाही. रोग असाध्य होता आणि रुग्णांचे मृत्यू वाढत होते. आपल्यालाही तो होईल ही धास्ती आणि रोग्याविषयीचा तिरस्कार एकमेकांत मिसळले होते.

विषाणू कसा पसरतो, याचे ज्ञान मात्र तोवर बऱ्याच अंशी झाले होते. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त किंवा रक्तघटक, एकच सुई अनेकांनी वापरणे आणि बाधित मातेकडून अर्भकाला होणारी लागण हे त्याच्या प्रसाराचे मार्ग होत. हवा, पाणी, अन्न, स्पर्श किंवा सहवास यांतून तो पसरत नाही, हे रोग नियंत्रण केंद्राने १९८३ मध्येच स्पष्ट केले होते. एड्सबाधित मुलांना सर्वसाधारणपणे शाळेत येऊ द्यावे, अशी मार्गदर्शक सूचनाही या केंद्राने ऑगस्ट १९८५ मध्ये प्रसिद्ध केली.

फेब्रुवारी १९८६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात याविषयी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एड्सच्या रुग्णांबरोबर एकाच घरात किमान तीन महिने राहिलेल्या, परंतु त्यांच्याशी लैंगिक संबंध नसलेल्या १०१ व्यक्तींची त्यात तपासणी करण्यात आली होती. पेले, कपडे, कंगवे, इतकेच नव्हे तर दाढीची पाती आणि दात घासण्याचे ब्रशही सामाईक वापरले गेले असतानासुद्धा सहवासामुळे लागण होण्याचा धोका नगण्य असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. हे सर्व छापील स्वरूपात उपलब्ध होते. परंतु कोकोमोतील पालकांना त्यावर विश्वास वाटावा, अशा रीतीने ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

शाळेचा नकार

रायन हा कोकोमोजवळील रशियाव्हिल येथील वेस्टर्न माध्यमिक शाळेचा विद्यार्थी होता. त्याला पुन्हा वर्गात घेण्याविषयी ३० जून १९८५ रोजी रीतसर विनंती करण्यात आली. शाळा अधीक्षकांनी ती फेटाळली आणि शाळा मंडळाने हा निर्णय उचलून धरला. रायनला येऊ देऊ नये, अशा आशयाच्या निवेदनावर ११७ पालकांनी आणि ५० शिक्षकांनी सह्या केल्या. शाळेची एकूण विद्यार्थिसंख्या त्या वेळी ३६० होती.

इंडियानाचे राज्य आरोग्य आयुक्त डॉ. वुड्रो मायर्स यांना सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सच्या रुग्णांवर उपचार करण्याचा मोठा अनुभव होता. रायनपासून इतर विद्यार्थ्यांना धोका नाही, असे त्यांनी शाळा मंडळास कळवले. रोग नियंत्रण केंद्रानेही तेच सांगितले. तरीही मंडळाचे मत बदलले नाही. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले तेव्हा रायनला घरी बसून दूरध्वनीवरून वर्गातील पाठ ऐकण्याची सोय करून देण्यात आली. फळ्यावर काय लिहिले आहे, हे त्याला दिसत नसे आणि मित्रही भेटत नसत. शिक्षण चालू असले तरी शाळेच्या सहवासाला तो पूर्णपणे मुकला.

न्यायालयीन लढा

व्हाइट कुटुंबाने प्रशासकीय आणि न्यायालयीन अशा दोन्ही मार्गांनी दाद मागितली. २५ नोव्हेंबर १९८५ रोजी राज्याच्या शिक्षण विभागाने रायनच्या बाजूने निर्णय दिला. शाळा मंडळाने त्याविरुद्ध अपील करण्याचा ठराव एकमताने संमत केला. फेब्रुवारी १९८६ मध्ये, परगण्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने तपासणी करून अनुमती दिल्यास रायनने शाळेत यावे, असा निर्णय झाला आणि अशी अनुमतीही मिळाली.

त्यानुसार २१ फेब्रुवारी १९८६ रोजी रायन शाळेत गेला. त्या दिवशी ३६० पैकी १५१ विद्यार्थी गैरहजर राहिले. विरोधक पालकांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्याच दिवशी दुपारी न्यायाधीशांनी रायनला शाळेत येण्यास मनाई करणारा हुकूम काढला. एका दिवसाच्या शाळेनंतर तो पुन्हा घरी परतला. हा मनाई हुकूम १० एप्रिल १९८६ रोजी उठवण्यात आला आणि रायनचे नाव शाळेच्या हजेरीपटावर कायम झाले. त्यानंतर काही पालकांनी आपल्या मुलांना शाळेतून काढून घेतले व त्यांच्यासाठी वेगळी शाळा सुरू केली. जुलै १९८६ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने यापुढील अपील ऐकण्यास नकार दिला आणि खटल्यावर पडदा पडला.

कोकोमोतील दिवस

न्यायालयाने वर्गाचे दार उघडून दिले, तरी वर्गातील मुलांची मने उघडणे त्याच्या हाती नव्हते. पालकांची भीती कमी व्हावी म्हणून व्हाइट कुटुंबाने काही अटी मान्य केल्या होत्या. रायन वेगळे स्वच्छतागृह वापरी, एकदा वापरून टाकून द्यावयाच्या ताटल्या व चमचे घेऊन जेवी आणि व्यायामाच्या तासाला बसत नसे. यांपैकी एकाही खबरदारीची वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकता नव्हती. उलट, या मुलापासून खरोखरच धोका असावा, असा समज त्यांमुळे दृढ झाला असणे शक्य आहे.

१९८६-८७ हे शैक्षणिक वर्ष रायनने वेस्टर्न शाळेत पूर्ण केले. परंतु त्याला फारसे मित्र उरले नव्हते. त्याच्या कपाटाची नासधूस झाली आणि वह्यांच्या वेष्टनांवर अपशब्द लिहिले गेले. तो लोकांना चावतो, दुकानातील भाज्यांवर थुंकतो, अशा अफवा पसरल्या. तो घरोघरी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम करी. त्याच्या अनेक गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्र घेणे बंद केले. उपाहारगृहात त्याने वापरलेल्या बश्या फेकून दिल्या जात. चर्चमध्ये ईस्टरच्या उपासनेनंतर लोक परस्परांना हस्तांदोलन करून शांतीच्या शुभेच्छा देत असताना त्याचा पुढे केलेला हात कोणी हाती घेतला नाही.

सारे शहर विरोधात होते, असे मात्र नव्हे. 'कोकोमो ट्रिब्यून' या स्थानिक वर्तमानपत्राने रायनच्या शाळाप्रवेशाला पाठिंबा दिला आणि त्याबद्दल त्याच्या संपादकवर्गाला शिवीगाळ व धमक्या सहन कराव्या लागल्या. अखेरीस व्हाइट यांच्या घराच्या खिडकीतून बंदुकीची गोळी आत आली. त्या वेळी घरात कोणी नसल्याने इजा झाली नाही. परंतु त्यानंतर कुटुंबाने शैक्षणिक वर्ष संपताच कोकोमो सोडण्याचे ठरवले.

सिसेरो आणि हॅमिल्टन हाइट्स शाळा

इ.स. १९८७ मध्ये व्हाइट कुटुंब इंडियानापोलिसच्या उत्तरेस असलेल्या सिसेरो या लहान गावी राहावयास गेले. नव्या घरासाठी इंग्लिश गायक एल्टन जॉन यांनी १६,५०० डॉलर कर्जाऊ दिले. पुढे जीन व्हाइट यांनी ही रक्कम परत केली, तेव्हा ती त्यांनी स्वतःकडे न ठेवता अँड्रियाच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी राखून ठेवली.

रायनने जवळच्या आर्केडिया येथील हॅमिल्टन हाइट्स माध्यमिक विद्यालयात नाव घातले. तो येणार हे कळल्यावर शाळेने वाट पाहत बसण्याऐवजी तयारी सुरू केली. मुख्याध्यापक टोनी कुक यांनी यात पुढाकार घेतला. शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना रोगाची शास्त्रीय माहिती देण्यात आली. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदी असलेल्या मुलीने वैद्यकीय तज्ज्ञांना शाळेत बोलावण्यासाठी प्रयत्न केले. विद्यार्थ्यांनी मनातील शंका उघडपणे विचाराव्यात आणि तज्ज्ञांनी त्यांची उत्तरे द्यावीत, असे या सभांचे स्वरूप होते. ज्यांच्या मनात भीती शिल्लक होती त्यांच्यासाठी समुपदेशनाचीही व्यवस्था होती. शाळेत मिळालेली माहिती मुलांनी घरी नेली आणि अनेक घरांत मुलांनीच पालकांची समजूत घातली.

३१ ऑगस्ट १९८७ रोजी रायन शाळेच्या दारात आला, तेव्हा मुख्याध्यापक, शाळा अधीक्षक आणि काही विद्यार्थी त्याच्या स्वागतासाठी उभे होते. त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. या घटनेच्या तीनच दिवस आधी फ्लोरिडा राज्यात, योगायोगाने आर्केडिया हेच नाव असलेल्या गावात, याच्या अगदी उलट प्रकार घडला होता. तेथील रे कुटुंबातील तीन भावांना हिमोफिलिया असून उपचारांतूनच त्यांना एचआयव्हीची बाधा झाली होती. न्यायालयाच्या आदेशाने ते शाळेत जाऊ लागल्यावर त्या कुटुंबाला धमक्या आल्या आणि २८ ऑगस्ट रोजी त्यांचे घर आगीत भस्मसात झाले. त्यांनाही गाव सोडावे लागले. न्यायालयाचा आदेश कोकोमोत होता आणि फ्लोरिडातही होता. हॅमिल्टन हाइट्समध्ये मात्र त्याची गरजच भासली नाही.

नव्या शाळेत रायन रमला. गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचे नाव आले. तो मोटार चालवण्यास शिकला, शाळेच्या सामन्यांना व नृत्यसमारंभांना जाऊ लागला आणि सुट्टीत स्केटबोर्डच्या एका दुकानात त्याने कामही केले. कोकोमोत ज्या साध्या गोष्टी नाकारल्या गेल्या होत्या, त्या त्याला येथे मिळाल्या.

जनजागृतीचे कार्य

शाळाप्रवेशाच्या खटल्यामुळे रायनचे नाव देशभर पोहोचले होते. दूरचित्रवाणीवरील मुलाखती, निधी उभारण्याचे कार्यक्रम आणि शाळाशाळांतील सभा यांसाठी त्याला आमंत्रणे येऊ लागली. मिळालेल्या प्रसिद्धीचा उपयोग त्याने रोगाविषयीची माहिती देण्यासाठी केला. त्याचे बोलणे साधे असे. तो आपला अनुभव सांगे आणि ऐकणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देई.

३ मार्च १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नेमलेल्या एचआयव्ही साथविषयक आयोगापुढे त्याने साक्ष दिली. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. कोकोमोत भोगावा लागलेला बहिष्कार आणि सिसेरोत झालेले स्वागत हे दोन्ही अनुभव त्याने आयोगापुढे शेजारी शेजारी ठेवले आणि या फरकाचे श्रेय शिक्षणाला दिले. आपल्या विरोधकांविषयी त्याने कटुता दाखवली नाही. ते अज्ञानातून घाबरले होते, अशीच त्याची भूमिका होती.

रायनचा उल्लेख वर्तमानपत्रांतून अनेकदा 'निष्पाप बळी' असा होई. औषधातून लागण झाल्यामुळे तो निर्दोष आणि लैंगिक संबंधांतून किंवा अमली पदार्थांच्या सुईतून ज्यांना लागण झाली ते मात्र दोषी, असा भेद या शब्दांत गृहीत धरलेला होता. रायन व त्याच्या कुटुंबीयांनी हा भेद ठामपणे नाकारला. एड्सचा प्रत्येक रुग्ण हा रुग्णच आहे आणि त्याला उपचार व आपुलकी मिळाली पाहिजे, असे ते सांगत. सहानुभूती स्वतःकडे आयती चालून येत असताना ती सर्वांसाठी मागणे, हा त्यांच्या कार्याचा विशेष होय.

त्याच्या जीवनावरील 'द रायन व्हाइट स्टोरी' हा दूरचित्रवाणी चित्रपट १६ जानेवारी १९८९ रोजी एबीसी वाहिनीवर प्रसारित झाला. त्यात रायनची भूमिका लुकास हास याने, तर जीन व्हाइट यांची भूमिका ज्युडिथ लाइट यांनी केली. रायनने स्वतः त्यात एका रुग्णमित्राची छोटी भूमिका केली. एल्टन जॉन यांच्याप्रमाणेच गायक मायकल जॅक्सन यांच्याशीही त्याची मैत्री जुळली होती.

अखेरचे दिवस

१९९० च्या वसंत ऋतूत रायनची प्रकृती ढासळू लागली. २९ मार्च १९९० रोजी श्वसनमार्गातील संसर्गामुळे त्याला इंडियानापोलिस येथील रायली बालरुग्णालयात दाखल करण्यात आले. लवकरच तो बेशुद्धावस्थेत गेला व त्याला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. एल्टन जॉन त्या आठवड्यात रुग्णालयात येऊन राहिले आणि त्यांनी कुटुंबाला लागेल ती मदत केली. ७ एप्रिल रोजी इंडियानापोलिस येथेच झालेल्या 'फार्म एड' या संगीत समारोहात त्यांनी आपले एक गीत रायनला अर्पण केले. दुसऱ्या दिवशी, ८ एप्रिल १९९० रोजी, झावळ्यांच्या रविवारी सकाळी रायनचे निधन झाले. शालान्त पदवी मिळण्यास त्याला थोडाच अवधी उरला होता.

११ एप्रिल रोजी इंडियानापोलिस येथील चर्चमध्ये झालेल्या अंत्यविधीस १,५०० हून अधिक लोक उपस्थित होते. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश आणि मायकल जॅक्सन यांचा समावेश होता. शवपेटी वाहून नेणाऱ्यांमध्ये एल्टन जॉन, दूरचित्रवाणी निवेदक फिल डोनाह्यू आणि फुटबॉलपटू हाउवी लाँग होते. एल्टन जॉन यांनी हॅमिल्टन हाइट्सच्या विद्यार्थी गायकवृंदासह गीत गायले. त्याच दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा रायनवरील लेख 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या कार्यकाळात एड्सविषयी दीर्घकाळ मौन बाळगल्याची टीका रेगन यांच्यावर झाली होती. त्या पार्श्वभूमीवर या लेखाकडे विशेष लक्ष वेधले गेले.

रायनला सिसेरो येथे दफन करण्यात आले. मृत्यूनंतरच्या वर्षभरात त्याच्या थडग्याची चार वेळा विटंबना झाली. कायदे, सन्मान आणि लोकप्रियता यांनंतरही रोगाविषयीचा द्वेष पूर्णपणे शमला नव्हता, हे यावरून दिसते.

रायन व्हाइट कायदा

एड्सवरील उपचारांसाठी सरकारी मदत देणारे विधेयक सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे टेड केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे ऑरिन हॅच यांनी मिळून मांडले होते. मुलाच्या मृत्यूला थोडेच दिवस झाले असताना जीन व्हाइट यांनी वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींच्या भेटी घेतल्या आणि विधेयकाला पाठिंबा देण्याची विनंती केली. हा कायदा रायनच्या नावाने संमत झाला आणि १८ ऑगस्ट १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

ज्यांचे उत्पन्न कमी आहे किंवा ज्यांना आरोग्यविमा नाही अथवा अपुरा आहे, अशा एचआयव्हीबाधितांना उपचार, औषधे व साहाय्यक सेवा मिळाव्यात यासाठी या कायद्यान्वये शहरांना, राज्यांना आणि दवाखान्यांना निधी दिला जातो. अन्य कोणत्याही मार्गाने खर्च भागत नसेल तेव्हाच हा निधी वापरावयाचा असतो. १९९६, २०००, २००६ आणि २००९ मध्ये कायद्याचे नूतनीकरण झाले. ऑक्टोबर २००९ मध्ये नूतनीकरणाच्या विधेयकावर स्वाक्षरी करताना राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी एचआयव्हीबाधित परदेशी प्रवाशांवरील जुनी प्रवेशबंदी उठवत असल्याचेही जाहीर केले. केवळ एचआयव्हीसाठी असलेला हा अमेरिकेतील सर्वांत मोठा संघराज्यीय उपक्रम असून पाच लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ मिळतो.

महत्त्व आणि स्मृती

रायनच्या हयातीत एचआयव्हीवर पहिले मान्यताप्राप्त औषध आले ते १९८७ मध्ये. परंतु एकट्या औषधाचा परिणाम फार काळ टिकत नसे. अनेक औषधे एकत्रितपणे देण्याची प्रभावी पद्धत १९९६ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, प्रचारात आली. आज नियमित उपचार घेणारी बाधित व्यक्ती जवळजवळ सामान्य आयुर्मान जगू शकते. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत आढळणार नाही इतके खाली राखल्यास लैंगिक संबंधांतून तिच्यापासून जोडीदाराला लागणही होत नाही. मात्र यासाठी लोकांनी वेळेवर चाचणी करून घेणे आवश्यक असते, आणि समाजाकडून बहिष्काराचे भय असेल तेथे चाचणीसाठी पुढे येण्यास लोक कचरतात. म्हणूनच रायनने सांगितलेल्या गोष्टी औषधे उपलब्ध झाल्यानंतरही कालबाह्य ठरलेल्या नाहीत.

सामान्य व्यक्तीला या कामी काय करता येते, याची उदाहरणे रायनच्या चरित्रात विखुरलेली आढळतात. एका विद्यार्थिनीने तज्ज्ञांना शाळेत बोलावण्यासाठी धडपड केली; एका मुख्याध्यापकाने अफवा पसरण्याआधी माहिती पसरवली; एका गावच्या वर्तमानपत्राने वाचकांचा रोष पत्करून योग्य बाजू घेतली; काही मुलांनी घरी जाऊन पालकांना समजावले; आणि काहींनी केवळ पुढे केलेला हात हातात घेतला. यांपैकी कोणालाही त्यासाठी वैद्यकीय पदवी किंवा मोठे अधिकारपद लागले नाही.

रायनच्या मृत्यूनंतर एल्टन जॉन यांनी स्वतःच्या व्यसनाधीनतेवर उपचार घेतले आणि १९९२ मध्ये एड्सविरोधी कार्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. या दोन्ही निर्णयांमागे रायनची प्रेरणा असल्याचे ते सांगत आले आहेत. मायकल जॅक्सन यांनी १९९१ च्या 'डेंजरस' या गीतसंग्रहातील एक गीत रायनच्या स्मृतीस अर्पण केले. रायनचे आत्मचरित्र १९९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. जीन व्हाइट यांनी पुढेही एड्सविषयक जनजागृतीचे काम चालू ठेवले.

इंडियानापोलिस येथील बालसंग्रहालयात २००७ मध्ये मुलांच्या सामर्थ्याविषयीचे एक कायमस्वरूपी दालन उघडण्यात आले. त्यात नाझी छळाला बळी पडलेली ॲन फ्रँक आणि गोऱ्या मुलांच्या शाळेत एकटीने प्रवेश करणारी कृष्णवर्णीय बालिका रूबी ब्रिजेस यांच्यासोबत रायन व्हाइटची जीवनकथा मांडलेली आहे. सिसेरोच्या घरातील त्याची खोली तेथे त्याच्या मूळ वस्तूंसह पुन्हा उभारण्यात आली असून शाळकरी मुले ती पाहण्यासाठी येत असतात.